रिसेल फ्लॅट घेण्याआधी सोसायटी वाचा

(दृश्य: सोसायटीचं फाटक, नावांचा फलक, नोटीस बोर्ड)

महाराष्ट्रात सहकारी गृहनिर्माण सोसायटीतला रिसेल फ्लॅट घेताना दोन गोष्टी एकदम पदरात पडतात: घराचा ताबा आणि सोसायटीचं सभासदत्व. घर सगळेच नीट बघतात. हॉल केवढा आहे, ऊन कुठून येतं, ड्राय बाल्कनी आहे का. सभासदत्वाची आठवण मात्र करार रजिस्टर झाल्यावर होते, आणि तोवर पैसे देऊन झालेले असतात. म्हणून या फिल्ममध्ये आधी सोसायटी बघू, मग फ्लॅट.

पहिला थांबा नोटीस बोर्ड. थकबाकीदारांची यादी, टाकी धुण्याची तारीख, पाणी सोडण्याची वेळ, सभेची सूचना, सगळं तिथे लागलेलं असतं. दरवर्षीची सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते. बोर्डावरची शेवटची सूचना दोन वर्षांपूर्वीची असेल, तर सेक्रेटरींना त्याबद्दल सरळ विचारा.

सोसायटीत एकदा जाऊन भागत नाही. सकाळी पाणी येतं तेव्हा जा, रात्री नऊनंतर जा आणि सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी जा. रात्री कळतं की गाड्या किती आणि जागा किती. सुट्टीच्या संध्याकाळी मुलं कुठे खेळतात, ज्येष्ठ मंडळी खाली येऊन बसतात का, लोक एकमेकांशी बोलतात का, हे दिसतं. वॉचमनला एवढंच विचारा: एप्रिल-मेमध्ये टँकर किती येतात? हा आकडा जाहिरातीत कुठेच नसतो, पण मेंटेनन्सच्या बिलात नक्की असतो.

(दृश्य: टेबलावर इतिवृत्ताची वही, ताळेबंद, मेंटेनन्सचं बिल)

आता कागद. इथे एक अडचण येते. सोसायटीचं दप्तर बघण्याचा हक्क कायद्याने सभासदाला दिला आहे, खरेदीदाराला नाही. त्यामुळे कागद मागण्याचा अर्ज विक्रेत्याच्या सहीने जायला हवा. चार गोष्टींच्या प्रती मागा: मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, तेवढ्याच काळातली सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं (मिनिट्स, म्हणजे सभेतल्या कामकाजाची नोंद), विक्रेत्याचं चालू मेंटेनन्स बिल आणि शेवटचा स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल. विक्रेता अर्ज करायलाच तयार नसेल, तर टोकनची, म्हणजे आगाऊ रकमेची, घाई करू नका.

सगळ्यात जास्त वेळ इतिवृत्तांना द्या. गच्चीचं वॉटरप्रूफिंग तीन सभांमध्ये विषयपत्रिकेवर येतंय आणि दर वेळी ‘कोटेशन मागवावे’ एवढ्यावरच अडतंय, याचा अर्थ तो खर्च अजून व्हायचा आहे. त्यातला तुमचा वाटा तुम्ही सभासद झाल्यावर मागितला जाईल. लिफ्ट बदलणं, रंगकाम, पाण्याच्या उभ्या लाइन बदलणं यांचंही तेच. मोठ्या दुरुस्तीचा ठराव झाला असेल, तर वर्गणी कोण भरणार हे विक्रेत्याबरोबरच्या करारात लिहून घ्या. तोंडी आश्वासन सोसायटीवर बंधनकारक नसतं.

ताळेबंदात दोन निधी शोधा. नमुना उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या कारभाराचे नमुना नियम) सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी, जमीन सोडून घराच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का, दरवर्षी. दुरुस्ती निधी किमान पाऊण टक्का. समजा ३० घरांच्या इमारतीत एका घराचा बांधकाम खर्च ८ लाख होता. मग सिंकिंग फंडापोटी घरामागे वर्षाला २,००० रुपये जमायला हवेत. ३० घरांचे ६०,००० आणि २० वर्षांचे १२ लाख, वर व्याज वेगळं. ताळेबंदात दोनच लाख दिसत असतील, तर बाकीचे कुठल्या दुरुस्तीवर आणि कोणत्या ठरावाने खर्च झाले, ते विचारा. मेंटेनन्स कमी आहे म्हणून खूश होणारे खरेदीदार पुष्कळ असतात. पुष्कळदा तो कमी असतो, कारण हे निधी गोळाच केले जात नाहीत.

स्ट्रक्चरल ऑडिट १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी करायचं असतं. मुंबईत अहवालात श्रेणी दिलेली असते. सी-१ म्हणजे इमारत रिकामी करून पाडायची, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. मधल्या सी-२अ आणि सी-२ब या दोन श्रेणींमध्ये मोठी दुरुस्ती लागते, आणि सी-२अ असेल तर घरं रिकामी करण्याचीही तयारी ठेवावी लागते.

कन्व्हेयन्स, म्हणजे अभिहस्तांतरण (जमिनीची मालकी सोसायटीच्या नावे करून देणं), झालं आहे का हे वेगळं विचारा. सोसायटी नोंदलेली असणं वेगळं आणि खालची जमीन सोसायटीच्या नावावर असणं वेगळं. मालमत्ता पत्रकावर किंवा सातबारावर अजून बिल्डरचं किंवा मूळ मालकाचं नाव असेल, तर पुनर्विकासाच्या वेळी वाद तिथूनच सुरू होतो. बिल्डर दाद देत नसेल, तर सोसायटीला जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी (डीम्ड कन्व्हेयन्स, बिल्डरने करून दिलं नाही तरी होणारं) अर्ज करता येतो. तो केला आहे का, कुठवर आला आहे, हे इतिवृत्तात सापडेल.

पार्किंगवरून शेजाऱ्यांमध्ये जेवढे वाद होतात, तेवढे क्वचितच दुसऱ्या कशावरून होत असतील. ‘पार्किंगसह’ असं जाहिरातीत असलं, तरी सोसायटीचं वाटपपत्र बघा. खांबांखालची स्टिल्टची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला. सोसायटीने वापरासाठी दिलेली जागा सभासदाला परस्पर विकता येत नाही. विक्रेत्याची गाडी आज तिथे उभी आहे, एवढ्यावरून उद्या तुमची उभी राहील असं धरून चालू नका.

(दृश्य: बाथरूमचं छत, बाहेरच्या भिंतीवरची ओल)

आता फ्लॅटमध्ये जाऊ. विक्रीसाठी नवा रंग दिलेला असतो, त्यामुळे भिंतीचा मधला भाग फारसं काही सांगत नाही. भिंतीला लावलेल्या कपाटाच्या आतला कोपरा बघा, खिडकीच्या खालची पट्टी बघा. कोकण किनाऱ्यावर आणि मुंबईत पाऊस पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून झोडपतो, तेव्हा त्या बाजूच्या भिंती आधी तपासा. मग खालच्या मजल्यावर जा, बेल वाजवा आणि त्यांच्या बाथरूमचं छत बघू द्याल का, असं नम्रपणे विचारा. तिथे ओल असेल, तर ती बहुधा तुम्ही घेणार असलेल्या बाथरूममधून उतरते आहे. अशी आतली गळती दुरुस्त करण्याचा खर्च त्या फ्लॅटच्या सभासदाचा असतो. बाहेरच्या सामाईक पाइपमधून किंवा गच्चीतून येणाऱ्या पावसाच्या पाण्याची दुरुस्ती सोसायटीची. पाचच मिनिटांची भेट, पण किंमत ठरवताना उपयोगी पडते, आणि होणारे शेजारी कसे बोलतात तेही कळतं.

मालकीच्या कागदांत मूळ बिल्डरच्या करारापासून आजपर्यंतची साखळी अखंड हवी. प्रत्येक कराराला इंडेक्स टू (करार नोंदल्याचा सरकारी उतारा), शिवाय भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट), भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) आणि मालमत्ता कराची शेवटची पावती. वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च, म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या जुन्या नोंदींचा शोध, करून घ्या. फ्लॅटवर कर्ज असेल, तर मूळ कागद बँकेत असतात आणि बोजाची नोंद सोसायटीकडेही असते.

साखळी सर्वांत जास्त वेळा तुटते ती वारसाहक्काने आलेल्या घरात. वडील गेले, नामनिर्देशन (नॉमिनेशन) मुलाच्या नावे होतं, सोसायटीने भाग दाखल्यावर मुलाचं नाव लावलं आणि आता तो विकतोय. नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही. आई आणि बहिणी यांचा हिस्सा तसाच राहतो. त्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागा, नाहीतर सगळ्या वारसांना विक्रेते म्हणून सह्या करायला सांगा.

(दृश्य: दुय्यम निबंधक कार्यालय, अंगठ्याचा ठसा)

टोकन थोडं द्या, चेकने किंवा बँकेतून द्या, आणि पावतीवर अट लिहा: कागदांत दोष निघाला किंवा कर्ज मंजूर झालं नाही, तर रक्कम परत. मुद्रांक शुल्क कराराची किंमत आणि रेडी रेकनरची (सरकारी दरपत्रकाची) किंमत यांपैकी जी जास्त, तिच्यावर लागतं. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर १ टक्का टीडीएस (विक्रेत्याच्या रकमेतून कापायचा आयकर) खरेदीदाराने कापून सरकारकडे भरायचा असतो. विक्रेता परदेशस्थ असेल, तर हा दर बराच जास्त असतो. तेव्हा आधी सीएला विचारा.

सोसायटीचं ना हरकत पत्र नमुना उपविधींनुसार सक्तीचं नाही. बँका मात्र ते मागतात, म्हणून अर्ज लवकर द्या. थकबाकी मात्र शून्य हवी. ती फेडल्याशिवाय सभासदत्व हस्तांतरित होत नाही, त्यामुळे देणी नसल्याचा दाखला शेवटचा हप्ता देण्याआधी हातात घ्या.

हस्तांतरण अधिमूल्याची (ट्रान्सफर प्रीमियम, सभासदत्व तुमच्या नावे करताना सोसायटी घेते ती रक्कम) कमाल मर्यादा महापालिका क्षेत्रात २५,००० रुपये आहे. त्याशिवाय ५०० रुपये हस्तांतरण फी आणि १०० रुपये प्रवेश फी. ‘विकास निधी’ किंवा ‘ऐच्छिक देणगी’ म्हणून वर काही मागितलं, तर मागणी लेखी द्यायला सांगा. पूर्ण अर्ज दिल्यावर तीन महिन्यांत कमिटीने निर्णय घ्यायचा असतो. अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या, ही मुदत त्या तारखेपासून मोजली जाते.

भाग दाखल्याच्या मागच्या बाजूला तुमचं नाव, ठरावाची तारीख आणि पदाधिकाऱ्यांच्या सह्या आल्या की वीज मीटर आणि मालमत्ता कराच्या नोंदी बदलून घ्या. त्याच आठवड्यात स्वतःचा नामनिर्देशनाचा अर्ज भरून सोसायटीत द्या आणि त्याचीही पोच फाइलला लावा.