हजार लिटरचा हिशेब

[दृश्य: पाण्याचं बिल, जवळून. बोट एकेका ओळीवरून खाली सरकतं.]

हे मुंबई महापालिकेचं पाण्याचं बिल. वर सीसीएन, म्हणजे ग्राहक क्रमांक. खाली जल आकार आणि त्यावर ७० टक्के मलनिस्सारण आकार. १६ जून २०२२ पासून लागू झालेल्या ७.१२ टक्के वाढीनंतर इमारतीतल्या घराला हजार लिटरमागे ६ रुपये ३६ पैसे पडतात आणि झोपडपट्टीला ४ रुपये ९३ पैसे. पंचतारांकित हॉटेलसाठी दर आहे ९५ रुपये ४९ पैसे.

ही वाढ कोण ठरवतं? २०१२ साली स्थायी समितीने दरवर्षी ८ टक्क्यांपर्यंत वाढ करायला एकदाच मंजुरी देऊन टाकली. तेव्हापासून प्रशासन वीज, आस्थापना, देखभाल आणि धरणाच्या पाण्यापोटी राज्य सरकारला द्यायची रक्कम यांची बेरीज मांडतं आणि आकडा काढतं. ७ मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली, म्हणजे वर सांगितलेली वाढ प्रशासकाच्या काळातली. पुढच्या वर्षीची वाढ थांबली, पण तीही मंत्रालयातून. ज्यांनी पाणीपट्टी भरायची त्यांना विचारलं कुणीच नाही.

[दृश्य: हातगाडीवर ३५ लिटरचे कॅन. एका घरासमोर दोन उतरवले जातात.]

आता ज्यांना नळजोडणीच नाही, म्हणून बिलही येत नाही, त्यांचा विकतच्या पाण्याचा दर. कॅनला फक्त १० रुपये धरा. हजार लिटरला सुमारे २८६ रुपये झाले. इमारतीच्या दराच्या जवळपास पंचेचाळीस पट. १० हजार लिटरचा टँकर पालिकेच्या घरगुती दराने ६३ रुपये ६० पैशांचा. टँकरवाला मात्र हजारांतच बोलतो. एप्रिल २०२५ मध्ये टँकरवाल्यांनी संप केला, तेव्हा पालिकेला आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आधार घ्यावा लागला. एवढं शहर टँकरवर उभं आहे.

[दृश्य: नळ, २० लिटरची बादली, मोबाईलवरचं स्टॉपवॉच, वही.]

‘पाणी कमी येतं’ अशी तक्रार विभाग कार्यालयात रोज येते आणि रोज फाइलला लागते. म्हणून हे मोजमाप. सामाईक नळाची तोटी पूर्ण उघडायची. पहिली दोन-तीन मिनिटं सोडून द्यायची, कारण पाणी पोहोचण्याआधी नळातली हवा बाहेर पडते. त्या हवेनेही मीटर फिरतो, हे वेगळं दुखणं. मग बादली भरायला किती सेकंद लागतात ते लिहायचं. सुरुवातीला, मध्ये आणि पाणी जाण्याच्या आधी, असं तीनदा.

बादली ४० सेकंदांत भरली, तर मिनिटाला ३० लिटर. तीच धार दीड तास टिकली तर २,७०० लिटर. एकाच नळजोडणीवरच्या गटात बारा घरं, घरी पाच माणसं धरली तर माणशी ४५ लिटर. झोपडपट्टीसाठी पालिका वर्षानुवर्षं माणशी ४५ लिटरच धरत आली आहे. इमारतीत माणशी १३५. पण धार टिकत नाही. शेवटच्या मोजणीला ४० सेकंदांचे ९० झाले, तर दोन गोष्टी तपासायच्या: गल्लीत कुणी नळाला थेट पंप लावलाय का, आणि चावीवाल्याने, म्हणजे पाणी सोडणाऱ्या पालिकेच्या माणसाने, व्हॉल्व्ह किती वाजता उघडला, किती वाजता बंद केला. पंपाला हात घालायची वेळ आली की गल्लीतच भांडण लागतं, त्यामुळे आधी व्हॉल्व्हची वेळ मिळवलेली बरी.

[दृश्य: गटारातून गेलेले नळ.]

पाणी बंद असताना नळातला दाब जातो आणि फुटक्या सांध्यातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. जुलाब, कावीळ तिथून येते.

[दृश्य: अर्ज लिहिणारा हात. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प.]

व्हॉल्व्हची वेळ माहिती अधिकारात मिळते. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांत. ‘आमच्याकडे पाणी कमी का?’ असं विचारलं की ‘खुलासा ही माहिती नव्हे’ असं उत्तर येतं आणि महिना वाया जातो. त्याऐवजी अमुक रस्त्यावरच्या व्हॉल्व्हचं वेळापत्रक, तीन महिन्यांच्या नोंदवहीच्या प्रती आणि पाणी तपासणीचे अहवाल मागायचे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. नोंदवहीत तीन तास आणि तुमच्या वहीत दीड, हा फरक अभियंत्यासमोर ठेवला की बोलणं वेगळ्या सुरात सुरू होतं.

[दृश्य: जुनी छायाचित्रं. मोर्चा, हंडे, मृणाल गोरे.]

गोरेगावच्या पाण्यासाठी लढलेल्या मृणाल गोरेंना मुंबईने ‘पाणीवाली बाई’ म्हटलं आणि १९७७ ला लोकसभेत पाठवलं.

[दृश्य: उच्च न्यायालयाची इमारत.]

नंतरची मोठी लढाई कोर्टात झाली. अमुक सालानंतरच्या झोपडीला पाणी नाही, या नियमाला पाणी हक्क समिती या संघटनेने जनहित याचिकेतून आव्हान दिलं. १५ डिसेंबर २०१४ ला उच्च न्यायालयाने सांगितलं की पाणी हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. झोपडी बेकायदा असली तरी माणसाला पाणी नाकारता येणार नाही. दर मात्र जास्त लावायला मुभा दिली. अशा झोपड्यांना पाणी देण्याचं धोरण यायला जानेवारी २०१७ उजाडला, ‘सर्वांसाठी पाणी’ची घोषणा मे २०२२ ची.

[दृश्य: गल्लीच्या तोंडाशी मीटरची पेटी. सेक्रेटरीबाई पैसे गोळा करतात.]

जोडणी गटाच्या नावावर. अर्जासोबत प्रत्येक घराचे कागद, काम परवानाधारक प्लंबरकडून. मीटरनंतरची गळती गटाच्या माथी, म्हणून मीटर शक्यतो वस्तीच्या जवळ मागावा. मीटर बंद पडला तर बिल सरासरीने येतं. तक्रार लेखी द्यायची आणि पोच घ्यायची. बिल थकलं की दरमहा २ टक्के अतिरिक्त आकार. दोन घरांनी हात आखडला तरी जोडणी बारांची तुटते.

[दृश्य: विभाग कार्यालयाची पायरी. फाइल हातात.]

जानेवारी २०२६ मध्ये पालिकेची निवडणूक झाली. प्रभागांना पुन्हा नगरसेवक मिळाले, एकूण २२७. त्यांच्याकडे या मोजमापांच्या आणि उत्तरांच्या फाइलच्या दोन प्रती जाव्यात. एक व्हॉल्व्हच्या वेळेसाठी, प्रभाग समितीत. दुसरी २०१२ च्या ठरावासाठी: तो सभागृहात परत आणा, आणि वाढ करायची असेल तर दरवर्षी खर्चाचा ताळेबंद मांडून, मतदान घेऊन करा.