निऑन बघायचं तर दिवेलागणीला पोचा

मंडळी, पहिल्यांदा एकच सांगतो, अमेरिकेत रूट ६६ या जुन्या हायवेवर जुन्या निऑन पाट्या बघायला निघालात तर भर दुपारी पोचू नका. दुपारी काय दिसतं, तर रंग उडालेला पत्रा आणि त्यावर धुळकट काचेच्या नळ्या, मग माणूस दोन फोटो काढतो आणि पुढे निघतो. आम्ही पहिल्या खेपेला हेच केलं आणि अजून हळहळ वाटते.

दुसऱ्या खेपेला न्यू मेक्सिकोत टुकमकारीला मुक्काम केला. तिथं १९३९ चं ब्लू स्वॅलो मोटेल आहे, प्रत्येक खोलीला खेटून गाडीसाठी छोटं गॅरेज, आणि पाटीवर '१०० टक्के रेफ्रिजरेटेड एअर' (म्हणजे थंडगार एसी) ही जाहिरात अजून तशीच. पश्चिमेला थोडा उजेड शिल्लक होता तेव्हा पाटी लागली. मी अगदी खाली जाऊन उभा राहिलो. अशा पाटीत सलग एकच नळी कितीतरी अक्षरं लिहीत जाते, आणि दोन अक्षरांमधला जोड काळ्या रंगाने झाकलेला असतो, तो दिवसा डोळ्यात खुपतो आणि अंधारात पार नाहीसा होतो. आणि ती ट्रान्सफॉर्मरची बारीक घूंऽऽ, ती कुठल्याच फोटोत येत नाही हो!

नळीत निऑन वायू असेल तर रंग लाल-केशरी. निळा हवा असेल तर आर्गन आणि थेंबभर पारा. बाकीचे रंग रंगीत काचेतून किंवा आतल्या लेपातून येतात. पण वाकवायचं काम आजही हातानेच, काच ज्योतीवर मऊ करायची आणि तोंडातल्या रबरी नळीने फुंकर घालत राहायची, नाहीतर वळणावर नळी चपटी होते.

आता इमारतींचं बघा. गाडीतल्या माणसाची नजर वळवायला मालकाच्या हातात मोजके सेकंद, मग इमारतच पाटी झाली. न्यूयॉर्क राज्यात १९३१ साली एका बदकवाल्याने बदकाच्या आकाराचंच दुकान बांधलं. ॲरिझोनात हॉलब्रूकला १९५० पासून काँक्रीटच्या १५ तंबूंचं विगवॅम मोटेल आहे, आकार टिपीचा, म्हणजे शंकूसारख्या तंबूचा, आणि नाव विगवॅम, म्हणजे घुमटासारख्या झोपडीचं, मूळ रहिवाशांच्या दोन वेगळ्या घरांची सरमिसळ, ते मला खटकतं आणि तरीही तिथं जावंच असं म्हणेन.

१९५६ च्या हायवे कायद्यानंतर मोठे हायवे झाले, गावं बाजूला पडली, १९८५ ला रूट ६६ हायवेंच्या अधिकृत यादीतूनच गेला. लास वेगासच्या निऑन म्युझियमने काढून टाकलेल्या पाट्या सांभाळल्यात, तिथली स्वागताची इमारत म्हणजे पॉल विल्यम्स यांनी डिझाइन केलेली ला कोंचा मोटेलची लॉबी, तुकडे करून आणून पुन्हा जोडलेली. मोलाचं काम आहे. पण माझा जीव अडकतो तो मूळ जागेवर अजून लागणाऱ्या पाटीत, कारण तिचं लाइटबिल खोलीच्या भाड्यातून निघतं. म्हणून म्हणतो, नुसते फोटो काढू नका, रात्रभर राहा.

मोटेलच्या पाटीवर 'नो व्हेकन्सी' (खोली शिल्लक नाही) मधला 'नो' वेगळा लागतो, माहितीये ना? एकदा एका मोटेलात शेवटची खोली आम्हाला मिळाली, काउंटरवरच्या बाईंनी चावी दिली, मागे वळून एक बटण दाबलं, आणि काचेबाहेर इतका वेळ काळा असलेला 'नो' दोनदा फडफडून लाल झाला.