हात वर करण्याआधी

मंडळी, जुलै तोंडावर आला आहे. बऱ्याच शाळांमध्ये आता व्यवस्थापन समितीची नवी निवड होईल, कुठे पालक-शिक्षक संघाची होईल. अमळनेर, पारोळा, चोपडा, एरंडोल या भागातून तुम्ही मुख्याध्यापक आणि पालक इथे एकत्र बसला आहात, म्हणून आज मी एवढ्या एकाच विषयावर बोलतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये तीस वर्षं काढली. त्यातल्या एका गावात समितीच्या अध्यक्षाची निवड चार मिनिटांत झाली. गावाचं नाव सांगत नाही. एका दादांनी नाव सुचवलं, दुसऱ्यांनी अनुमोदन दिलं, ‘कोणाची हरकत?’ असं विचारलं गेलं, आणि मागे बसलेल्यांनी मान वर करेपर्यंत नारळ फुटलासुद्धा. मी इतिवृत्ताच्या वहीत लिहिलं, ‘सर्वानुमते निवड झाली.’ माझ्याच हस्ताक्षरात ती ओळ आजही तिथे असेल.

सभा उठल्यावर एक बाई ओट्यावर थांबल्या होत्या. त्यांची मुलगी पाचवीत होती. मुलींच्या संडासाच्या दाराला आतून कडी नव्हती. एकीने आत जायचं आणि दुसरीने बाहेरून दार धरून ठेवायचं, असं वर्षभर चाललं होतं. हे त्यांनी मला तिथे उभ्या उभ्या सांगितलं. मी म्हटलं, ‘ताई, मग सभेत का नाही बोललात? दुसरं नाव तरी सुचवायचं.’ त्या म्हणाल्या, ‘गुरुजी, हात वर करसू ते उद्या कामले कोन बलाई?’

ज्यांची निवड झाली होती, त्यांच्याच शेतात त्या निंदणीला आणि पुढे कापूस वेचायला जात. अध्यक्ष माणूस वाईट होता असं मी म्हणत नाही. त्यांनी त्या बाईंना कधी काही बोलूनही दाखवलं नसतं कदाचित. पण ज्याच्या हातात आपली रोजी आहे, त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्याविरुद्ध हात वर करा, असं आपण त्यांना सांगत होतो. आणि तो हात वर गेला नाही, त्यालाच मी सर्वानुमत म्हटलं.

आपल्याकडे ‘बिनविरोध’ या शब्दाला फार मान आहे. गावात तंटा नको, शाळेत राजकारण नको, ही भावना चांगलीच आहे. पण खरंच सगळ्यांना तेच नाव हवं असेल, तर चिठ्ठ्या टाकूनही तेच नाव येईल. मग चिठ्ठीला भ्यायचं कशाला?

समिती ही काही हार-तुऱ्यापुरती नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य आई-वडील किंवा पालक असावे लागतात, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया, आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना प्रमाणात जागा. शाळेच्या कामावर लक्ष ठेवायचं, विकास आराखडा करायचा, अनुदान कुठे खर्च झालं ते पाहायचं, हे तिचं काम. संडासाची कडी याच आराखड्यात बसते. त्या बाईंचा प्रश्न समितीपर्यंत पोहोचलाच नाही, तर एवढा कायदा असून उपयोग काय झाला?

आता सुरुवात निरोपापासून करा. माझ्या अनुभवात अर्धी निवडणूक निरोपातच होऊन जाते. ‘उद्या मिटिंग शे’ असं पोरांबरोबर सांगून पाठवलं की ज्यांना आधीच ठाऊक आहे तेच येतात. निदान आठ दिवस आधी लेखी सूचना द्या. त्यात तारीख, वेळ आणि जागा लिहाच, शिवाय ‘अध्यक्षाची निवड होणार आहे, कोणत्याही पालकाला उभं राहता येईल’ हे वाक्य स्पष्ट लिहा. फळ्यावर लावा, ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगा. सातपुड्याच्या पायथ्याला असाल तर पावरा आणि तडवी आदिवासींच्या वस्तीवर शिक्षकाने स्वतः जावं. पाड्यावर भोंगा ऐकू येत नाही, आणि आपली पुस्तकी मराठी तिथल्या आजीला अर्धीच कळते.

वेळही तशीच. दुपारी बाराची सभा ही मजुराला न बोलावलेली सभा असते. संध्याकाळी सातला घ्या, किंवा आठवडी बाजाराचा दिवस धरा. त्या दिवशी मजुरीचा हिशोब होतो, काम लवकर सुटतं. दिवाळीनंतर तर घ्यायचीच नाही. नंदुरबार-धुळ्याकडची किती कुटुंबं तेव्हा ऊसतोडीला गेलेली असतात! मुलं आजीकडे असतात. ती आजीसुद्धा पालक आहे, कायदा पालक म्हणतो तेव्हा सांभाळणारा माणूसही त्यात येतो. तिला यादीतून गाळू नका.

यादीबद्दल जरा सविस्तर बोलतो. देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली. सुकुमार सेन मुख्य निवडणूक आयुक्त होते. तेव्हा मतदार यादीत बायका स्वतःचं नाव सांगेनात. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच सांगत. सेनांनी ठरवलं की नाव नाही तर नोंद नाही, आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं यादीतून गेली. मी जेव्हा जेव्हा पालकसभेचं हजेरीपत्रक बघतो, तेव्हा मला हा आकडा आठवतो. कारण आपल्या वहीत अजून ‘पवनची आई’, ‘भारतीची आई’ अशाच सह्या असतात. शाळेने हे आधी करावं: प्रत्येक आईचं पूर्ण नाव यादीत लिहून घ्यावं, आणि सभेत ते नाव मोठ्याने पुकारावं. बाई जागची उठते, पदर सावरते, आणि पुढे येते. ते पाहण्यासारखं असतं.

मत कोणाला, हेही आधी ठरवून फळ्यावर लिहा. हजर असलेल्या प्रत्येक पालकाला एक मत. तीन मुलं शाळेत आहेत म्हणून तीन मतं नाहीत. पतिराजांनी बायकोच्या वतीने टाकायचं नाही.

मतदान गुप्तच घ्या. त्याला खर्च काही येत नाही. त्याच गावात पुढच्या निवडीला आम्ही काय केलं ते सांगतो. चार जण उभे होते. वाचता न येणारे पालक बरेच, म्हणून चिन्हं दिली: कणीस, घागर, सायकल, कंदील. चिन्हं चिठ्ठ्या काढून वाटली, कोणी मागून घ्यायचं नाही. सातवीच्या मुलींनी ती चित्रं एका कागदावर काढली, तालुक्याहून झेरॉक्स आणल्या, प्रत्येकीच्या मागे शाळेचा शिक्का. पहिल्या निवडणुकीत तर प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती आणि पेटीवर चिन्ह चिकटवलेलं होतं. निरक्षर माणसाचा विचार त्या लोकांनी आपल्या आधी केला होता. आम्ही पहिलीच्या वर्गात कोपऱ्यात खिडकीकडे पाठ करून बाक ठेवला, बाकावर पेन्सिल दोरीने बांधली. एका वेळी एकच माणूस आत. खडूचा रिकामा खोका सगळ्यांना उलटा करून दाखवला आणि मग चिकटपट्टीने बंद केला.

त्या ओट्यावरच्या बाई आल्या होत्या. चिठ्ठी त्यांनी इतकी बारीक घडी घालून टाकली की मोजताना ती उलगडायला नखं लागली. कोणाची ते मला माहीत होतं, पण ती उलगडणारा माणूस मी नव्हतो, आणि हे मुद्दाम केलं होतं. मुख्याध्यापक समितीचा सदस्य सचिव असतो. पुढची दोन वर्षं त्याला याच अध्यक्षाबरोबर काम करायचं असतं. म्हणून निवडणूक घेणारा माणूस बाहेरचा हवा. केंद्रातल्या शेजारच्या शाळेचे गुरुजी बोलवा, चहा पाजा, एवढंच.

मोजणी सगळ्यांसमोर. एकेक चिठ्ठी उघडायची, चिन्ह सगळ्यांना दाखवायचं, मोठ्याने सांगायचं, फळ्यावर रेघ ओढायची, पाचवी रेघ आडवी. दोन चिन्हांवर खूण असेल तर बाद, पण बाद का हेही दाखवायचं. बरोबरी झाली तर काय, हे मतदानाच्या आधी ठरवा. विधानसभेला, लोकसभेलासुद्धा समसमान मतं पडली तर चिठ्ठीच काढतात, तेव्हा त्यात कमीपणा नाही.

चिठ्ठीवरून खासगी शाळांचं सांगून टाकतो. २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने तिथल्या पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीतले पालक सोडतीने घ्यायचे ठरवले. पण सोडतही नीट काढली तरच ती सोडत. इच्छुकांची नावं आधी वाचून दाखवा, चिठ्ठ्या एकाच मापाच्या, एकसारखी घडी, सगळ्यांदेखत बरणीत टाका आणि लहान मुलाला काढायला लावा. बंद खोलीत काढलेली सोडत ही नेमणूकच असते.

आमच्या त्या निवडणुकीत घागर निवडून आली, सात मतांनी. दोन महिन्यांनी मुलींच्या संडासाला आतून कडी बसली. आधीचे अध्यक्ष त्या वेळी हरले. पुढे पोषण आहाराच्या तांदळाचं वजन करायला तेच स्वतः काटा घेऊन यायचे, हेही मला सांगितलंच पाहिजे.

सगळ्या चिठ्ठ्या, बाद धरून, आम्ही लिफाफ्यात घातल्या, लाखेने बंद केल्या, चौघा उमेदवारांच्या सह्या घेतल्या आणि कपाटात ठेवल्या. ज्याला शंका असेल त्याने एक महिन्यात अर्ज करावा, सर्वांसमोर पुन्हा मोजू, असं फळ्यावर लिहिलं. अर्ज आला नाही. लिफाफा तसाच राहिला. मी त्या शाळेतून बदलून गेलो, तेव्हा चार्ज यादीत घड्याळ, घंटा, लोखंडी कपाट एक, यांच्या खाली मी तो लिहिला: ‘मतपत्रिकांचा सीलबंद लिफाफा, नग एक.’