चोरांच्या गावात पहारा कुणाचा? सिडनीची पहिली चार वर्षं

१७८७ चा ऑगस्ट महिना. ब्राझीलच्या रिओ बंदरात इंग्लंडहून आलेली अकरा जहाजं नांगर टाकून उभी आहेत. त्यातल्या 'शार्लट' नावाच्या जहाजाला एक होडी येऊन लागते, माल विकायला. जहाजावरचा एक जण खरेदी करतो, नाणी देतो. होडीवाला नाणं उलटंपालटं करून बघतो आणि बोंब मारतो. नाणी खोटी!

बनवणारा टॉमस बॅरेट. जहाजाच्या पोटात कोंडलेला कैदी. त्यानं आणि त्याच्या दोन साथीदारांनी जुनी बक्कलं, बटणं आणि चमचे वितळवून ही नाणी पाडली होती. जहाजाच्या डॉक्टरनं, जॉन व्हाइटनं, हे लिहून ठेवलंय, आणि लिहिताना त्याला रागापेक्षा अचंबाच जास्त वाटलेला दिसतो. या लोकांना विस्तवाजवळ फिरकू देत नव्हते. खाली उतरायच्या दारावर सतत पहारा. थोड्या थोड्या वेळानं कुणीतरी खाली जाऊन बघून यायचं. मग भट्टी कुठली, साचे कुठले? शेवटपर्यंत कुणाला काही सापडलं नाही.

मंडळी, अशा साडेसातशेच्या आसपास माणसांना घेऊन ब्रिटिश सरकार एक नवीन गाव वसवायला निघालं होतं. आजच्या व्हिडिओत आपण त्या गावाची पहिली चार वर्षं बघणार आहोत. गावाचं नाव सिडनी.

(पडद्यावर नकाशा: पोर्ट्समथ, रिओ, केप टाउन, सिडनी)

आधी थोडक्यात, हे झालं का? इंग्लंड आपले कैदी पूर्वी अमेरिकेत पाठवायचं. अमेरिका स्वतंत्र झाली, तो रस्ता बंद. तुरुंग भरले, मग थेम्स नदीत जुनी जहाजं उभी करून त्यांत कैदी कोंबले, तीही भरली. तेव्हा जगाच्या दुसऱ्या टोकाला, ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर, त्यांना नेऊन टाकायचं ठरलं. १३ मे १७८७ ला ताफा निघाला आणि २६ जानेवारी १७८८ ला सिडनीच्या खाडीत झेंडा रोवला गेला. हो, २६ जानेवारीच. आपला प्रजासत्ताक दिन आणि त्यांचा ऑस्ट्रेलिया डे एकाच तारखेला येतात, निव्वळ योगायोग. इकडे तेव्हा पुण्यात सवाई माधवरावांची पेशवाई चालू होती.

आता "काळ्या पाण्याची शिक्षा" म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खुनी, दरोडेखोर येतात. इथे तसे फार कमी. एलिझाबेथ बेकफर्ड, वय सत्तरच्या घरात, गुन्हा काय तर साडेपाच किलो चीज चोरलं. सात वर्षं. जॉन हडसन, धुराडी साफ करणारा पोरगा. घरफोडीत पकडला आणि सजा झाली तेव्हा वय वर्षं नऊ. त्यालाही सात वर्षं. बहुतेक सगळे असेच, भुरटे.

पण भुरट्या चोरांना सोडलं कुठे? जिथे दुकान नाही, शेत नाही, गुरं जेमतेम, आणि सगळ्यांचं पोट एकाच सरकारी कोठारावर. चोरायचं म्हटलं तर चोरण्यासारखी एकच गोष्ट होती. अन्न.

महिनाभरात पहिला फास पडला. २७ फेब्रुवारी १७८८. कोण? आपला नाणीवाला टॉमस बॅरेट. कोठारातून लोणी, वाटाणे आणि डुकराचं मांस चोरल्याबद्दल. पुरुषांच्या आणि बायकांच्या तंबूंच्या मधलं एक झाड निवडलं, म्हणजे सगळ्यांना नीट दिसावं. आणि इथे एक अडचण आली जिचा लंडनमध्ये कुणी विचारच केला नव्हता. फाशी देणार कोण? ताफ्यात जल्लाद आणलेलाच नाही! एका कैद्याला पुढे केलं तर तो धजेना. तुलाच गोळी घालू असं दरडावल्यावर त्यानं कसंबसं काम उरकलं. मग लगेच, पीठ चोरल्याबद्दल फाशी सुनावलेल्या जेम्स फ्रीमन नावाच्या कैद्याला गव्हर्नर आर्थर फिलिपनं सांगितलं, तुला सोडतो, पण एका अटीवर: आजपासून वसाहतीचा जल्लाद तू. फ्रीमननं ते पत्करलं. न पत्करून सांगतो कुणाला?

ही जी युक्ती आहे ना, तिच्यावरच पुढे अख्खं सिडनी चाललं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या द्यायच्या, कारण द्यायला दुसरे हातच नाहीत.

तुम्ही म्हणाल, सोबत सैनिक होते की. होते, मरीन म्हणजे नौसैनिक. त्यांचंच ऐका. मार्च १७८९ मध्ये एका सकाळी कोठाराच्या कुलपात तुटलेली किल्ली अडकलेली सापडली. ती वसाहतीतल्या लोहाराला दाखवली. त्यानं लगेच ओळखली, ही तर हंट नावाच्या शिपायाच्या पेटीची, मीच तर हिच्यावर काम केलंय. हंट माफीचा साक्षीदार झाला आणि भडाभडा बोलला. टोळीची पद्धत बघा. आपल्यातल्या एकाचा कोठारावर पहारा असेल त्या रात्री दोघं-तिघं आत शिरायचे. पहारेकरी बाहेरून कुलूप घालायचा. गस्त आली की कुलूप हलवून बघायची, शाबूत, पुढे जायची. आतले निवांत दारू-पीठ-मांस भरून घ्यायचे. हे कित्येक महिने चालू होतं. कुंपणच शेत खात होतं! सहा मरीन एकाच दिवशी फासावर गेले.

आणि मग त्या ऑगस्टमध्ये गव्हर्नरनं जे केलं ते मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात धाडसाचं वाटतं. त्यानं बारा कैदी निवडले, त्यातल्या त्यात चांगल्या वागणुकीचे, आणि त्यांची रात्रीची गस्त बसवली. संशयिताला अडवा, झोपड्या तपासा. ऑस्ट्रेलियातलं पहिलं पोलीस दल हे. बारा शिक्षा झालेले चोर. आणि चाललं ते! वसाहतीचा न्यायाधिकारी डेव्हिड कॉलिन्स लिहितो की लंडनच्या कितीतरी रस्त्यांवर असा चोख पहारा नसतो. चोराच्या वाटा चोराला माहीत, साधा हिशेब आहे. भांडण झालं ते दुसऱ्याच कारणानं. या गस्तीनं एका रात्री एका शिपायाला अडवलं. मरीनचा मेजर रॉस खवळला. कैद्यानं सैनिकाला अडवायचं म्हणजे आमच्या अख्ख्या दलाचा अपमान! सहा जण फासावर जाऊन वर्षही झालं नव्हतं, पण मेजरसाहेबांची अब्रू शाबूत. गव्हर्नरला हुकूम बदलावा लागला.

१७९० मध्ये भुकेनं कळस गाठला. मदत घेऊन निघालेलं 'गार्डियन' जहाज वाटेत हिमनगावर आदळलं. शिधा घटत घटत आठवड्याला माणशी किलोभराहून थोडं जास्त पीठ, किलोला थोडे कमी तांदूळ आणि तेवढंच खारवलेलं डुकराचं मांस, इथवर आला. मांस वर्षानुवर्षं पिंपात पडलेलं. गव्हर्नरकडे जेवायला बोलावणं आलं तरी आपापली भाकरी खिशातून आणायची, असा दंडक. वॉटकिन टेंच नावाचा मरीन अधिकारी सांगतो, लोक टेबलावर बसले की खिशातून पाव काढून ताटाशेजारी ठेवायचे.

या काळातली एक नोंद मी पुन्हा पुन्हा वाचली आहे. एक म्हातारा कैदी कोठारापुढच्या रांगेत कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. उघडून पाहिलं तर पोट पूर्ण रिकामं. शिधा तर त्यालाही मिळत होता. मग? त्याच्याकडे शिजवायला भांडं नव्हतं. ज्याच्याकडे भांडं, तो म्हणायचा, वापर, पण तुझ्या शिध्यातला वाटा मला दे. ज्या दिवशी वाटा द्यायचा नसेल त्या दिवशी म्हातारा तांदूळ कच्चेच खायचा. हे भांडंवाले काही अधिकारी नव्हते, त्याच्यासारखेच कैदी होते. त्यांच्यावर खटला झाला नाही. तसा गुन्हाच कुठल्या कायद्यात नव्हता.

जूनमध्ये दुसरा ताफा आला. त्यात अन्न आलं, पण माणसं बघवत नव्हती. हजाराच्या आसपास कैदी निघाले, त्यातले पाव हिस्सा वाटेतच मेले. ठेकेदार कंपनी गुलामांच्या व्यापारातली. पैसे मिळणार होते जहाजावर चढवलेल्या डोक्यामागे, जिवंत उतरवलेल्या डोक्यामागे नाही. म्हणजे माणूस वाटेत मेला तर त्याचा शिधा वाचला! कप्तानांनी उरलेला माल सिडनीत उतरवून चढ्या भावानं विकला. आणि कैदी? शेजारी साखळदंडात बांधलेला सोबती मेला की ते सांगायचे नाहीत, दुर्गंधी सुटेपर्यंत, कारण तोवर त्याच्या वाट्याचा शिधा मिळत राही. दोघांनीही मेलेल्याचाच शिधा खाल्ला. फटके कुणाला बसले असते हे काय सांगायला हवं?

(थांबा. पाण्याचा घोट.)

सगळंच काही इतकं काळंकुट्ट नव्हतं, काही उचापती अफलातून होत्या. जेम्स डेली नावाच्या कैद्यानं ऑगस्ट १७८८ मध्ये जाहीर केलं, मला सोन्याची खाण सापडली. पुरावा म्हणून मातीत चकाकणारे कण. अधिकारी हुरळले. शेवटी फटके बसल्यावर पठ्ठ्यानं कबूल केलं: पिवळं बक्कल आणि एक सोन्याची गिनी कानशीनं घासून तो चुरा मातीत मिसळला होता. डिसेंबरमध्ये चोरीसाठी तो फासावर गेला. गंमत म्हणजे त्या देशात पुढे साठेक वर्षांनी खरंच सोनं निघालं.

आणि नोव्हेंबर १७९१ मधले ते आयरिश कैदी. वीस पुरुष आणि एक बाई, तीही गरोदर, सिडनीजवळच्या पॅरामॅटाच्या बाजूनं जंगलात चालत निघाले. कुठे? चीनला! त्यांची समजूत अशी की उत्तरेला एक मोठी नदी आहे, ती ओलांडली की चीन. बहुतेक जण भुकेनं अर्धमेले होऊन परत आले किंवा पकडले गेले. हसू येतं खरं, पण नकाशा त्यांना दाखवला होता कुणी? आणि कितीकांना तर आपली शिक्षा कधी संपते हेही सिद्ध करता येत नव्हतं, कारण कैद्यांची कागदपत्रं इंग्लंडमध्येच राहिली होती.

आता ज्यांची ती जमीन होती त्यांच्याबद्दल. खाडीकाठी गादिगल आणि इतर आदिवासी समाज हजारो वर्षं राहत होते. कैदी त्यांचे भाले आणि मासेमारीचं सामान चोरायचे, जहाजावरच्या खलाशांना विकायला. एप्रिल १७८९ मध्ये देवीची साथ आली आणि गव्हर्नरच्या अंदाजानं जवळपासचे निम्मे लोक मेले. १७९१ मध्ये एका कैद्यानं दारिंगा नावाच्या आदिवासी बाईचं मासेमारीचं सामान चोरलं. फिलिपला न्याय दाखवायचा होता, म्हणून त्यानं आदिवासींना बोलावलं आणि त्यांच्यासमोर त्या कैद्याला फटके मारायला लावले. त्याला वाटलं, लोक खूश होतील. दारिंगा रडायला लागली. आणि बरांगारू, म्हणजे बेनेलाँग या आदिवासी माणसाची बायको, हिनं काठी उचलली आणि फटके मारणाऱ्यावर धावून गेली. चोरी त्यांच्या माणसाची झाली होती आणि कीव त्यांनाच आली. अख्खा किनारा बळकावणाऱ्यांचं कोर्ट मासेमारीच्या सामानासाठी एवढं जागरूक, हा विनोद तिथे कुणाच्या लक्षात आला असेल का, मला शंका आहे.

आणि शेवटी विल्यम ब्रायंट. इंग्लंडातल्या कॉर्नवॉलचा कोळी. सगळ्या वसाहतीत मासेमारीतलं कळणारा हाच, म्हणून सरकारी होड्या याच्या ताब्यात. पुन्हा किल्ल्यांचीच गोष्ट. १७८९ मध्ये सरकारी मासळी चोरून विकताना सापडला, फटके खाल्ले, पण कामावरून काढता येईना. दुसरा माणूस कुठे होता? त्याची बायको मेरी, तीही कॉर्नवॉलचीच, तीही कैदी. एका डच कप्तानाकडून त्यांनी होकायंत्र, नकाशा मिळवला. २८ मार्च १७९१ ची रात्र. डच जहाज त्याच दिवशी निघून गेलेलं, बंदरात पाठलागाला दुसरं एकही जहाज नाही. विल्यम, मेरी, दोन लहान मुलं आणि सात कैदी गव्हर्नरची होडी घेऊन पसार. उघड्या होडीतून ६९ दिवस, पाच हजार किलोमीटरहून जास्त, थेट तिमोर बेटावरच्या कुपांगला. एकही जण दगावला नाही. तिथल्या डचांना सांगितलं, आमचं जहाज फुटलं. काही काळ खपलं, मग बिंग फुटलं. विल्यम आणि धाकटा मुलगा बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, तापानं गेले. थोरली मुलगी इंग्लंडच्या वाटेवर. कुटुंबातली मेरी तेवढी एकटी लंडनच्या न्यूगेट तुरुंगात पोचली.

(तुम्ही विचाराल, इकडे सिडनीत काय? जून १७९२ मध्ये कलकत्त्याहून 'अटलांटिक' जहाज आलं. तांदूळ, रवा आणि डाळ घेऊन. कॉलिन्सच्या नोंदीत रव्याला 'सूजी' आणि डाळीला 'डाळ'च म्हटलंय.)

तर न्यूगेट. मेरीची कथा वर्तमानपत्रांत गाजली. जेम्स बॉसवेल या वकील-लेखकानं खटपट केली, १७९३ मध्ये मेरीला माफी मिळाली आणि तो तिला वर्षाला दहा पौंड पाठवू लागला. त्या होडीतून जिवंत परतलेले चार पुरुषही त्याच वर्षी सुटले. त्यातला एक जॉन बुचर. सुटल्यावर यानं काय केलं असेल? सैन्यात भरती झाला. कुठल्या? न्यू साउथ वेल्स कोअर, म्हणजे ज्या पलटणीकडे सिडनीच्या कैद्यांवर पहारा ठेवायचं काम होतं ती. आणि ज्या बंदरातून गव्हर्नरची होडी पळवली त्याच बंदरात हा गडी बंदूक खांद्याला लावून परत उतरला. पुढे सरकारनं त्याला तिथे जमीनही दिली.