धबधब्याला निघालाय? आधी वरचं रान बघा

राम राम मंडळी. मागं जो आवाज येतोय ना तो विंचरणा नदीचा आहे. आपण आलोय सौताड्याला, बीड जिल्हा, पाटोदा तालुका, आणि मी अजून खाली उतरलेलो नाही, वरच थांबलोय, कारण आज जे सांगायचंय ते खाली गेलं की दिसतच नाही.

दरवर्षी पाऊस पडला की मित्रांच्या ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकतं, पाणी आलंय, रविवारी निघायचं का? आणि मग दहा मिनिटात गाड्या कुणाच्या, धपाटे कुणाच्या घरून, शेंगदाण्याची चटणी कोण आणणार, सगळं पक्कं होतं. पण धबधब्याच्या वर कोणतं गाव लागतं आणि तिथं काल पाऊस किती झाला, हे विचारलेलं मी तरी फार कमी वेळा ऐकलंय. आणि खरं सांगतो, मला वाटतं पहिला प्रश्न तोच पाहिजे.

का ते बघा. (कॅमेरा पठाराकडं) हे मागचं सगळं सपाट रान दिसतंय का? सोयाबीन, तूर, बाजरी, मधी मधी ओढे. आपल्याकडं पाऊस कोकणासारखा चार महिने सलग लागून राहत नाही, अख्ख्या पावसाळ्यात सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि तोही पंधरा-पंधरा दिवस उघडीप देऊन मग एखाद्या दुपारी दोन तासात सगळी कसर भरून काढतो. एवढ्या शिवाराचं पाणी बांध फोडून ओढ्यात, ओढ्यातनं नदीत, आणि नदी बालाघाट डोंगररांगेच्या कड्यावर आली की सरळ खाली. म्हणजे पाऊस पडला तिकडं लांब, तुम्ही उभे इथं खाली दरीत, डोक्यावर आभाळाची एक पट्टी दिसतीय, ऊन पडलंय, फोटो भारी येतायत, आणि पाणी रस्त्यात आहे.

हे मी ऐकून नाही सांगत. दोन-तीन पावसाळ्यांमागं आम्ही सातजण असेच बालाघाटातल्या एका ओढ्यावर गेलो होतो, मोठा धबधबा नव्हता, दोन पुरुष उंचीची धार असेल, खाली गुडघाभर पाणी, दगडावर बसून डबे उघडलेले. आमच्यातला एकजण शेतकरी घरातला, लहानपणापासून ओढा ओलांडून शाळेत गेलेला. तो एकदम खायचा थांबला आणि म्हणला, "पाणी गढूळ व्हायलंय, उठा." आम्ही म्हणलं अरे आत्ताच बसलोय, थांब की. तो म्हणला, "आधी वर चला, मग भांडा." आम्ही जरा रागानंच उठलो आणि पंधरा-वीस फूट वर चढलो. धारेचा रंग चहासारखा झाला, मग काड्या आल्या, पालापाचोळा आला, वरनं घरघर आवाज यायला लागला, आणि ज्या दगडावर आम्ही बसलो होतो तो दिसायचा बंद झाला. एक डबा आणि एक बूट गेला. किती वेळ लागला असेल? मला तर चार-पाच मिनिटंच वाटली. आमच्या डोक्यावर पावसाचा थेंब नव्हता.

तर या खुणा पाठ करा. नितळ पाणी गढूळ झालं, काडीकचरा वाहून यायला लागला, पाण्याचा आवाज बदलला, किंवा मघाशी कोरडा असलेला दगड ओला दिसायला लागला. यातली एक जरी दिसली तरी डबा, चप्पल, मोबाईलचा स्टँड, काही गोळा करत बसायचं नाही, उंचावर जायचं. पळायचं ते पाण्याच्या दिशेनं खाली नाही, कडेनं वर. आम्ही आता पोचलो की पाण्याच्या कडेला एक दगड उभा करून ठेवतो आणि आळीपाळीनं एकजण त्याच्याकडं लक्ष ठेवतो. त्यासाठी ॲप लागत नाही काही.

आणि समजा पाणी वाढलं आणि तुम्ही पलीकडच्या काठावर अडकलात. इथं लोक चुकतात, कारण गाडी अलीकडं, घरचे वाट बघायलेत, अंधार पडायलाय, आणि मग हाताची साखळी करून ओलांडायचं ठरतं. नका करू! पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, त्यामुळं सकाळी ज्या गुडघाभर पाण्यातनं हसत गेलात तेच गुडघाभर पाणी संध्याकाळी पाय उचलतं, आणि साखळीत एकजण घसरला तर बाकीचे त्याच्या मागं जातात. असे ओढे जसे चढतात तसे उतरतातही. पाऊस थांबला की काही तासात पाणी ओसरतं. तेवढे तास पलीकडं बसा, उपाशी बसा, भिजत बसा, पण बसा. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी डॅमजवळ एकाच घरातली माणसं धबधब्याच्या मधोमध एकमेकांना धरून उभी होती आणि वाहून गेली, तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी बघितला. मला तो परत बघवत नाही.

आता खडकाचं सांगतो, कारण आपल्या धबधब्यांचं सगळं रूप त्यातनंच आलंय. हा काळा कातळ म्हणजे बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर साचून झालेला. थर काही टणक, काही ठिसूळ. ठिसूळ थर पाण्यानं खालून खाल्ला जातो आणि वरचा टणक थर सज्जासारखा पुढं राहतो. म्हणून कड्याच्या टोकावर बसून पाय सोडून फोटो काढता ना, त्या टोकाखाली काय आहे ते वरनं कळत नाही. तसंच खाली पात्रात रांजणखळगे असतात, गोट्यांनी गरागरा फिरून कोरलेले, वरनं बघितलं तर सारखंच पाणी, पण एक पाऊल कमरेएवढं आणि पुढचं डोक्यावर. आणि धार पडते त्या जागी पाणी पांढरं फेसाळलेलं दिसतं, त्यात हवा मिसळलेली असते, ते अंगाला उचलून धरत नाही, म्हणून विहिरीत पट्टीचा पोहणारा गडीसुद्धा तिथं खाली जातो. आपल्याकडं विहिरीत पोहायला शिकलेली पोरं लै आहेत, त्यांनी हे विशेष ऐका.

सहस्रकुंडचं मात्र वेगळंच आहे, ते सांगितल्याशिवाय हा व्हिडिओ पुरा होणार नाही. नांदेड जिल्ह्यात इस्लापूरजवळ पैनगंगा काळ्या कातळावरनं कितीतरी धारांनी पडते, एका काठाला नांदेड, पलीकडच्या काठाला यवतमाळ. माझ्या मते मराठवाड्यात याच्याएवढं रांगडं पाणी दुसरं नाही. पण वर याच नदीवर इसापूर धरण आहे. दारं उघडली की पाऊस असो नसो, इथं पाणी चढतं. म्हणजे इथं वरचं गाव विचारून भागत नाही, धरणातनं पाणी सोडलंय का ते विचारायचं. सकाळचा पेपर बघा, तिथल्या चहावाल्याला विचारा, त्याला माहीत असतं.

नळदुर्गला तर धबधबा किल्ल्यातच आहे, बोरी नदी अडवून बांधलेल्या बंधाऱ्यात पाणीमहाल, आणि बंधारा भरला की नर-मादी दोन धारा सुटतात, पण ते सुटायला वर पाऊस भरपूर व्हावा लागतो, त्यामुळं जुलैत जाऊन कोरडं बघून परत आलेले लोक पुष्कळ. कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आहे, दर्शनाची गर्दी असते, तिथं कपडे काढून धिंगाणा घालायची जागा नाही ती. अजिंठ्याचा सप्तकुंड वाघूर नदीवर, लेणी सोमवारी बंद. वेरूळला 29 नंबरच्या लेण्यापाशी सीतेची न्हाणी, ते मंगळवारी बंद. वार बघून निघा.

ग्रुपचं एक. निघायच्या आधीच बोलून घ्या की एकानं जरी "परत फिरू" म्हणलं तरी सगळे फिरणार, त्याला भित्रा म्हणायचं नाही, कारण तिथं विचारायचं नाही, ते गाडीत बसल्यावर विचारायचं. त्या दिवशी आमचा मित्र बोलला म्हणून सातजण घरी आलो, तो लाजला असता तर? एक लांब दोर गाडीत ठेवा. कुणी पडलंच तर मागं उडी मारायची नाही, दोर, काठी, गाठ मारलेले टॉवेल, जे हाताला येईल ते काठावरनं टाकायचं आणि 112 ला फोन लावायचा. दरीत रेंज नसते, म्हणून एकजण वर पाहिजेच, आणि घरी कुणाला तरी कुठं चाललोय ते खरं सांगून निघा.

बरं, मी आता वरच्या दोन गावात फोन करून विचारलंय, कालपासून पाऊस नाही, आभाळ मोकळं आहे. आता पायऱ्या उतरून रामेश्वराचं दर्शन घेतो, तिथनं धार दाखवतो. तुमच्या तालुक्यात कोणता धबधबा आहे ते खाली लिहा, आणि त्याच्या वर कोणतं गाव लागतं तेही लिहा.