काम येत होतं, मोल मिळत नव्हतं

मंडळी, दू शिन्यांगची कथा चीनमध्ये फार लोकप्रिय आहे. फंग मंगलोंग या लेखकानं ती 1624 साली आपल्या संग्रहात घेतली. शिन्यांग ही बीजिंगची कलावंतीण. तिला सोडायला कोठीवाली 300 ताएल (चांदीचं जुनं चिनी वजन) चांदी मागते, आणि त्यातली निम्मी शिन्यांग स्वतःच्या साठवणीतून देते. ज्याच्यासाठी ती बाहेर पडते तो विद्यार्थी, वडिलांच्या धाकानं, वाटेतच तिला 1000 ताएलांना एका मिठाच्या व्यापाऱ्याच्या हवाली करायला तयार होतो. पहाटे ती नीट साजशृंगार करते. चांदी नावेवर आली की ती स्वतः तपासून घेते. कस चोख, वजन पूर्ण. मग दागिन्यांच्या पेटीचा एकेक खण नदीत रिकामा करते आणि पेटीसकट उडी घेते. सगळे त्या उडीबद्दल बोलतात. मला त्या तपासणीपाशी थांबावंसं वाटतं. आपला सौदा केवढ्याला झाला, हे मरण्याआधी तिला आपल्या डोळ्यांनी पाहायचं होतं.

केवळ एका भित्र्या पुरुषाचा दोष म्हणून हे सोडून देता येत नाही. त्या काळी काही घराण्यांची नोंदच 'हीन' म्हणून होत असे. गाणंबजावणं करणारी 'यूएहू' घराणी त्यातलीच. 1723 मध्ये योंगचंग बादशहानं त्यांची ती नोंद रद्द केली. पण 1771 च्या नियमानं त्यांच्या वंशजांना शासकीय परीक्षेला बसण्यासाठी चौथ्या पिढीपर्यंत थांबावं लागलं. कागदावरचा डाग पुसला, घराण्यावरचा राहिला.

आता चिनी लेखक लाओ श यांची 'चंद्रकोर' ही 1935 ची दीर्घकथा. तिची निवेदिका एक मुलगी आहे. विधवा आई लोकांचे कपडे धुते, घाणेरडे मोजे घासते, आणि त्यात पोट भरत नाही म्हणून शेवटी देहविक्रयाच्या धंद्यात येते. मुलगी शिकते, नोकरी शोधते आणि तिथंच पोचते. पोलीस तिला पकडून सुधारगृहात टाकतात. तिथं धुणं, स्वयंपाक, विणकाम शिकवतात. ती म्हणते, हे सगळं मला येतंच. यावर पोट भरत असतं तर मी हा धंदा कधीच सोडला असता. त्याच सुधारगृहातून दोन युआन शुल्क आणि एक जामीन दिला की पुरुषाला बायको मिळते! एके दिवशी बडा अधिकारी पाहणीला येतो, आणि ती त्याच्या तोंडावर थुंकते. मला ते थुंकणं पूर्ण न्याय्य वाटतं.

1949 च्या नोव्हेंबरात बीजिंगमधली 224 कुंटणखान्यांची दारं एका रात्रीत बंद झाली. बायकांवर उपचार झाले, मालकांना शिक्षा झाल्या. हे मोठं काम होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण आर्थिक सुधारणांनंतर धंदा परतला, आणि 1991 च्या निर्णयानं सुधारगृहही. न्यायालयात उभं न करता पोलीस सहा महिने ते दोन वर्षं डांबू शकत. 1993 च्या नियमांत तर स्पष्ट लिहिलं होतं, की तिथल्या राहण्या-जेवणाचा खर्च साधारणपणे त्या व्यक्तीनं किंवा तिच्या घरच्यांनी भरायचा. लाओ शच्या मुलीला हे वाचून नवल वाटलं नसतं.

28 डिसेंबर 2019 ला ही तरतूद रद्द झाली. देहविक्रय मात्र आजही बेकायदा आहे: 15 दिवसांपर्यंत कोठडी, 5000 युआनपर्यंत दंड. तो दंड ती बाई कुठल्या कमाईतून भरणार, हे कायद्यात लिहिलेलं नाही.