साडेआठचा पाऊस

[दृश्य : मुलुंड पश्चिम. इमारतीची गच्ची, रिपरिप पाऊस. मागे येऊरचे डोंगर, अर्धे धुक्यात.]

निवेदन : सकाळचे साडेआठ. पर्जन्यमापकाचं नरसाळं काढायचं, आतली बाटली उचलायची, पाणी मोजपात्रात ओतायचं. डोळा पाण्याच्या पातळीवर आणायचा आणि मगच आकडा वाचायचा. उभ्या उभ्या वरून पाहिलं की आकडा हमखास चुकतो. या नरसाळ्याचं तोंड २०० चौरस सेंटिमीटरचं आहे. म्हणजे १ मिलिमीटर पाऊस झाला की बाटलीत २० मिलिलिटर पाणी येतं. चहाचे चार चमचे.

२६ जुलै २००५ चा सांताक्रूझचा आकडा प्रत्येक मुंबईकराला पाठ आहे : ९४४ मिलिमीटर. याच मापाच्या नरसाळ्यातून जवळपास १९ लिटर पाणी! त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७३. आणि एक बारकावा : ही नोंद २७ तारखेच्या सकाळी साडेआठची आहे. पाऊस उपग्रहावरूनही मोजतात, पण उपग्रहाचा दिवस ग्रिनिचच्या मध्यरात्री सुरू होतो, आपल्याकडच्या पहाटे साडेपाचला. हा तीन तासांचा फरक न पाहता दोन आकडे शेजारी मांडले, तर भांडण तिथूनच सुरू होतं.

[दृश्य : इन्सॅटचं ढगांचं चित्र. कोकणपट्टीवर राखाडी पट्टा.]

इन्सॅट-३डी हा हवामान उपग्रह आकाशात गेला तोही २६ जुलैलाच, २०१३ साली. योगायोग. असे उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटरवरून बघतात, आणि त्यांना दिसतो तो ढगाचा माथा. माथा जितका थंड तितका ढग उंच, आणि ढग उंच तर पाऊस जास्त, असा हा ढोबळ हिशेब. वळवाच्या गडगडाटी ढगाला तो बऱ्यापैकी लागू पडतो.

आता जुलैतला कसारा घाट आठवा. दिवसचे दिवस झड, पुढची गाडी दिसत नाही, पण वीज कडाडल्याचं आठवतं का? क्वचितच. समुद्रावरचा ओला वारा सह्याद्रीला धडकतो, चढताना गार होतो आणि खालच्या थरातच पाऊस होऊन कोसळतो. ढग बुटका, माथा फारसा थंड नाही. वरून बघणाऱ्याला वाटतं, किरकोळ सर असेल.

दुसऱ्या उपग्रहांवरची मायक्रोवेव्ह उपकरणं ढगाच्या पोटात पाहतात, पण जमिनीवरच्या पावसासाठी त्यांची भिस्त मुख्यतः ढगातल्या बर्फकणांवर. इथे तेच कमी. मग २०१४ साली जीपीएम या पाऊस मोजणाऱ्या उपग्रहासोबत ४०७ किलोमीटर उंचीवर थेट रडारच गेलं. त्याची अडचण मला सगळ्यात गमतीची वाटते. रडारचा झोत डोंगरउतारावर आपटूनही परत येतो. पाऊस कुठला नि कातळ कुठला हे कळेना, म्हणून जमिनीलगतचा एक-दोन किलोमीटरचा थर वाचनातून वगळावा लागतो. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. ज्या थरात सह्याद्रीचा पाऊस शिजतो, नेमका तोच झाकलेला.

[दृश्य : गच्चीवरची पाण्याची टाकी. शेजारी बादली.]

पर्जन्यमापक तरी कुठे सोवळा आहे? पहिल्या वर्षी आम्ही आमचं नरसाळं टाकीच्या आडोशाला ठेवलं, वाऱ्याने पडू नये म्हणून. महिनाभर शहाणपणाने कमी पाऊस मोजला! अडथळ्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर राखायचं असतं, हे नंतर कळलं. घाटमाथ्यावर तर वारा थेंबांना तोंडावरून आडवंच पळवतो. त्यात, उपग्रह ज्या चौकोनाची सरासरी सांगतो, तो साधारण १०० चौरस किलोमीटरचा. माझं नरसाळं त्याचा ५०० कोटींवा हिस्सा. महाबळेश्वर आणि पाचगणी यांच्यात वीस किलोमीटरही नाहीत, पण पावसात जमीनअस्मानाचा फरक. चौकोनात कड्याचा माथा आणि मागची पर्जन्यछाया एकत्र आली, की सरासरी दोघांनाही खोटं पाडते.

मुंबईला हे परवडत नाही. भातसा, तानसा, वैतरणा : आपल्या नळाचं पाणी याच डोंगरांच्या पायथ्याशी साठतं. धरणाजवळ माणूस नि मापक असतो. वरच्या जंगलात दोन्ही विरळ. तिथे उपग्रहच हवा, आणि तिथेच तो कमी सांगतो.

म्हणून दुरुस्ती होते. जीपीएमचे अंतिम आकडे जमिनीवरच्या मापकांच्या मासिक नोंदींशी जुळवून घेतलेले असतात. नंतर कोणी तेच मापक घेऊन "बघा, किती छान जुळतं" म्हणालं, तर विचारावं : परीक्षेआधी उत्तरपत्रिका कोणी दाखवली? तपासायला वेगळे मापक हवेत, दुरुस्तीत न वापरलेले.

[दृश्य : मोजपात्र जवळून. वहीत आकडा लिहिणारा हात.]

आज ६२ मिलिमीटर. उपग्रहाचा कच्चा आकडा काही तासांत येईल. अंतिम यायला साडेतीन महिने लागतात, म्हणजे दिवाळीच्या आसपास. वहीत त्याच्यासाठी शेजारचा रकाना मोकळा ठेवलाय. बाटली रिकामी केली, नरसाळं पुन्हा बसवलं. येऊरवरून नवी सर येतेय.